जावाचे बेणे आणि गावाचे आरोग्य



आपल्यातील जुन्या मंडळींना 'पीओजे २८७८' हे नाव आठवत असेल. ज्यांना आठवत नसेल त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. ही उसाची जात जावा बेटावरची. पीओजे ही अक्षरे पूर्व जावामधील ऊस संशोधन केंद्राच्या नावातली आहेत. १९२१ साली तिथे ही जात तयार झाली आणि रोगाने बसलेली जावामधली ऊसशेती तिने उभी केली. पुढे कोइमतूरच्या ऊस संशोधन केंद्राने हीच जात आई म्हणून वापरून 'को ४१९' तयार केला. या उसाने दख्खनच्या शेतकऱ्याला कितीतरी वर्षे साथ दिली. आज आपण लावतो त्या 'को ८६०३२' च्या वंशावळीतही हे जावाचे रक्त आहे. म्हणजे इंडोनेशिया देशाचे आपल्यावर एक जुने देणे आहेच.

त्या देशाकडून आणखी एक बेणे घेण्यासारखे आहे. ते उसाचे नसून गावच्या आरोग्याचे आहे. 'कारखान्याच्या पत्रिकेत दवाखान्याचा विषय कशाला?' असे कोणी म्हणेल. पण हंगामात घरातला कर्ता माणूस आठ दिवस आजारी पडला तर तोड मागे पडते, पाणी चुकते, आणि दवाखान्याचे बिल बिलाच्या हप्त्यातून वजा होते. हे आपण सगळेच पाहतो. तेव्हा हा विषय आपल्या खिशाचा आहे, आणि खिशाआधी जिवाचा आहे.

रुग्णालय आणि गाडीतळ

मोठे रुग्णालय कसे चालते हे समजून घ्यायला आपल्या कारखान्याइतके चांगले उदाहरण नाही.

समजा कारखान्याची क्षमता दिवसाला १,२५० टन गाळपाची आहे आणि एके दिवशी सकाळी ३,००० टन ऊस वजनकाट्यापुढे येऊन उभा राहिला. काय होईल? गाडीतळ भरून जाईल, बैल उन्हात उभे राहतील, ऊस वाळेल, वजन घटेल, उतारा पडेल. उलट दुसऱ्या दिवशी ऊसच आला नाही तर गव्हाण रिकामी राहील आणि बॉयलर जळण खात बसेल. म्हणून शेतकी खाते लागणीच्या तारखेप्रमाणे नोंद घेते, तोडणी कार्यक्रम ठरवते आणि चिटबॉयच्या हाती तोडचिठ्ठी देते. कारखाना चांगला चालतो तो यंत्राइतकाच या चिठ्ठीच्या शिस्तीने.

रुग्णालयाचेही तंतोतंत तसेच आहे. सकाळी बाह्यरुग्ण विभागापुढची रांग पाहा. तिच्यात सर्दी-खोकल्याचा माणूस आहे, बीपीची रोजची गोळी घेणारा म्हातारा आहे, पायाला खरचटलेला पोरगा आहे. आणि त्यांच्यातच छातीत कळ येणारा माणूस आणि अंगावर सूज चढलेली गरोदर बाईही उभी आहे. डॉक्टर एक, रांग एक. ज्याचा जीव घाईचा आहे त्याचा नंबर चाळिसावा असला तर ती रांग काय कामाची?

म्हणून चांगल्या रुग्णालयात पहिले काम निवडीचे असते. दारातच एक जाणती परिचारिका बसते. नाडी, श्वास, रक्तदाब, शुद्ध एवढे पाहून 'हा आत्ता आत, हा थोड्या वेळाने, हा रांगेत' असे ठरवते. यात कोणाचा मान-अपमान नाही. सरपंच असो की सालदार, घाई आजाराची पाहायची, माणसाची नाही.

दुसरे काम पायऱ्यांचे. सरकारी आरोग्यव्यवस्थेची मांडणी पायरीपायरीने केलेली आहे. सपाटीच्या भागात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर ग्रामीण रुग्णालय, त्यावर उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय, आणि शेवटी वैद्यकीय महाविद्यालय. खालच्या पायरीवर जे होण्यासारखे आहे ते तिथेच व्हावे आणि जे होत नाही ते चिठ्ठीने वर जावे. पण आपण काय करतो? तापाच्या रोग्याला घेऊन गावाजवळच्या केंद्राच्या दारावरून मोटारसायकल थेट जिल्ह्याला नेतो. मग तिथे गर्दी होते आणि त्या गर्दीला शिव्याही आपणच देतो.

खाटांचा हिशेब

आता थोडे गणित. समजा एका रुग्णालयात १०० खाटा आहेत आणि दाखल झालेला रोगी सरासरी ५ दिवस राहतो. महिन्याचे ३० दिवस धरले तर खाटांचे ३,००० दिवस झाले. त्याला ५ ने भागा. महिन्याला ६०० रोग्यांची सोय झाली. हाच मुक्काम ५ ऐवजी ४ दिवसांवर आला तर? ३,००० भागिले ४, म्हणजे ७५०. एक वीट न रचता, एक खाट न वाढवता १५० जादा रोग्यांची सोय झाली.

याचा अर्थ रोग्याला अर्धा बरा करून हाकलायचा असा मुळीच नाही. तो एक दिवस कुठे वाया जातो ते पाहायचे. रक्त सकाळी तपासायला घेतले पण अहवाल दुसऱ्या दिवशी आला, तर एक दिवस गेला. डॉक्टरांनी 'घरी जा' म्हटले पण कागद तयार व्हायला संध्याकाळ झाली आणि शेवटची एसटी निघून गेली, तर एक रात्र गेली. जखमेत रुग्णालयातच जंतू शिरले, तर पाच दिवस गेले. डॉक्टर-परिचारिकांनी प्रत्येक रोग्याआधी आणि नंतर हात धुणे ही साधी गोष्ट. तिने रोगी वाचतो आणि खाटही लवकर मोकळी होते.

मात्र सगळ्यात जास्त दिवस वाया जातात ते रुग्णालयाच्या दाराबाहेर. रोगी उशिरा येतो. दोन दिवसांचा आजार दहा दिवसांचा करून येतो. ही गळती रुग्णालयाला थांबवता येत नाही. ती गावालाच थांबवावी लागते.

जावामधील पाच टेबले

इंडोनेशिया म्हणजे सतरा हजारांवर बेटांचा देश. बेटाबेटावर मोठे रुग्णालय बांधणे त्यांना शक्य नव्हते. त्यांनी १९६८ पासून आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रासारखी केंद्रे उघडली. त्यांना तिकडे 'पुस्केस्मास' म्हणतात. पण केंद्र उघडले म्हणून माणसे येतातच असे नाही. मग १९८० नंतरच्या दशकात त्यांनी गावोगाव 'पोस्यांदू' सुरू केले. याचा अर्थ एकत्रित सेवेची जागा. महिन्यातून एक दिवस ठरलेला. जागा कोणाची पडवी, कुठे पंचायतीची खोली. तिथे पाच टेबले मांडतात.

पहिल्या टेबलावर नावाची नोंद. दुसऱ्यावर लेकराचे वजन. तिसऱ्यावर ते वजन कार्डावर लिहिणे. चौथ्यावर आईशी बोलणे, म्हणजे काय खाऊ घालायचे, जुलाब झाले तर काय करायचे, गरोदरपणात काय जपायचे. पाचव्यावर लस, औषध, कुटुंबनियोजन. यातली पहिली चार टेबले गावातल्याच स्वयंसेवक बाया चालवतात. त्यांना 'कादेर' म्हणतात. सरकारी परिचारिका बसते ती फक्त पाचव्या टेबलावर. अशी दोन लाखांहून अधिक केंद्रे त्या देशात उभी राहिली.

यातली खुबी कार्डात आहे. लेकराचे वजन दर महिन्याला ठिपक्याने मांडतात आणि ठिपके जोडून रेघ काढतात. रेघ वर चालली तर ठीक. रेघ आडवी झाली की समजावे, काहीतरी बिघडते आहे. लेकरू अजून खेळते-हसते आहे, आईला काही कळलेले नाही, पण रेघ बोलते. आपण नाही का उसाच्या कांड्या आखूड पडू लागल्या की पाणी किंवा खत कमी पडल्याचे ओळखतो? तसेच.

१ जानेवारी २०१४ पासून इंडोनेशियाने सर्व नागरिकांसाठी राष्ट्रीय आरोग्य विमा आणला. त्यातही नियम पायरीचाच आहे. तातडीची वेळ सोडून कोणी थेट मोठ्या रुग्णालयात जायचे नाही. आधी जवळचे केंद्र, मग तिथली चिठ्ठी. तरी विमा आल्यावर गर्दी वाढलीच. तेव्हा मोबाइलवरून आधी नंबर लावण्याची सोय त्यांनी केली. आपल्या तोडचिठ्ठीचीच ही बहीण म्हणा.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. १९९७-९८ मध्ये त्या देशावर मोठे आर्थिक संकट आले. पैसा आटला, देखरेख सुटली आणि पुष्कळ ठिकाणची पोस्यांदू नुसती नावाला उरली. ती पुन्हा जागी करायला नव्याने मोहीम काढावी लागली. आपल्याला हे नवीन नाही. बेणे कितीही चांगले असले तरी तेच ते वर्षानुवर्षे लावले की उतारा घटतो. दर तीन वर्षांनी बेणेमळ्यातून शुद्ध बेणे आणावे लागते. आरोग्याचे कामही असेच. दर थोड्या वर्षांनी त्यात नवा जीव ओतावा लागतो.

आपल्या मातीतली उदाहरणे

हे सगळे परदेशातच होते असे कोणी समजू नये. आपल्या महाराष्ट्राने या बाबतीत जगाला धडे दिले आहेत.

१९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य नगर जिल्ह्यातल्या जामखेडला आले. त्यांनी गावातल्याच, बहुतेक निरक्षर आणि गरीब घरच्या बायांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. ज्या बाईला गावात कोणी मान देत नव्हते ती बाळंतपणे सुखरूप करू लागली, लेकरांची वजने घेऊ लागली. त्या भागात १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. १९७६ मध्ये तो आकडा ५२ वर आला. पाच वर्षांत एवढा फरक! १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि नंतर देशोदेशीची माणसे जामखेडला शिकायला येऊ लागली.

गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था काढली. नवजात बाळ वाचवायचे तर रुग्णालयच पाहिजे, ही समजूत त्यांनी तपासून पाहिली. ३९ गावांत गावच्याच बायांना शिकवून घरोघरी बाळाची काळजी सुरू केली. पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बालकांचे प्रमाण हजारी ६२ वरून २५ पर्यंत उतरले. १९९९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि पुढे देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात ही पद्धत आली. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी वजनकाट्याची झोळी आणि थर्मामीटर घेऊन येते, त्यामागे आपल्या विदर्भातल्या गावांचे हे काम आहे.

तिसरे उदाहरण सहकाराला जवळचे. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने गावांसाठी आरोग्य विमा काढला. वर्गणी पैशात नाही, ज्वारीत. सुगीच्या वेळी घरात दाणा असतो तेव्हा ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि वर्षभर गावात सेवा व रुग्णालयात सवलत मिळवायची. भागभांडवल म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. गावाने आपला भाग घातला की दवाखाना परका राहत नाही, हेच यातून दिसले.

साखर, मीठ, पाणी

आता एक घरची गोष्ट सांगतो.

१९६२ सालचा पावसाळा. मी पाच वर्षांचा होतो, धाकटी बहीण दोन वर्षांची. तिला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. त्या काळची पक्की समजूत अशी की पाणी दिले की जुलाब वाढतात. पोर पाण्यासाठी रडत होती. दुसऱ्या दिवशी तिचे रडणे थांबले आणि संध्याकाळी ती गेली. माझी माय आज नव्वदीला टेकली आहे. बाकी पुष्कळ विसरली, एवढे विसरत नाही. म्हणते, "पानी मांगे मायी पोर, अन् आमी देल्लं नाही." घरात साखर होती, मीठ होते, आडाला पाणी होते. फक्त ठाऊक नव्हते.

जुलाबात माणूस दगावतो तो अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. नुसते पाणी पाजले तर आतडे ते नीट ओढून घेत नाही. पण पाण्यात प्रमाणात साखर आणि मीठ असले तर साखर मिठाला सोबत घेऊन आतड्यातून रक्तात शिरते आणि त्यांच्यामागे पाणी जाते. पटकी झालेल्या आतड्यातही हे काम चालू राहते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत पटकीची साथ आली. सलाइनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती दिला. शंभरातले तीस दगावत होते तिथे प्रमाण चारच्याही खाली आले. पाजणारे हात आईबापांचे होते, डॉक्टरांचे नव्हते.

मागच्या पावसाळ्यात माझ्या पुतण्याच्या लेकराला तसेच जुलाब झाले. सून घाबरली नाही. आशाताईने दिलेली पुडी घरात होती. रात्रभर चमचा-चमचा पाजत बसली, अंगावरचे दूधही चालू ठेवले. सकाळी लेकरू हसत होते. रुग्णालयाची एक खाट मोकळी राहिली, तिच्यावर दुसऱ्या कोणाची तरी सोय झाली असेल. माय सगळे पाहत होती. काही बोलली नाही, फक्त सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला.

पाणी धरायला रात्री जाता तेव्हा

उसाच्या मळ्यात नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांची भीती असते. लाइट रात्रीची असली की पाणी धरायला जावेच लागते. पायात गमबूट, हातात बॅटरी आणि काठी एवढे तरी घ्यावे. चावलाच तर जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. चावलेला हात किंवा पाय हलू न देता, माणसाला धीर देत, सापाची लस असलेल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावे. १०८ क्रमांकाला फोन करून गाडी मागवावी. इथे एकेक मिनिट मोलाचे असते.

फवारणीचेही असेच. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून फवारू नये, नाकातोंडाला कापड असावे, मळमळ किंवा घाम सुटला की काम तिथेच थांबवून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठावा. डबा पाहिला की डॉक्टरांना उपाय लवकर ठरवता येतो.

आपण काय करायचे

आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. पूर्वी अवघड रोगी अकोल्याला किंवा त्यापलीकडे न्यावा लागे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यात वाशीम आहे. ही मोठी गोष्ट झाली. पण नवा कारखाना उभा राहिला तरी उसाची शिस्त नसेल तर तो चालत नाही, तसेच हे. शिस्त आपल्या बाजूची आहे. ती येणेप्रमाणे:

१. साधा आजार आधी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावा. वर जाताना चिठ्ठी आणि जुने कागद सोबत न्यावेत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत.

२. गावात महिन्यातून एकदा अंगणवाडीत आरोग्य व पोषण दिवस होतो. ती आपली पाच टेबलेच समजा. त्या दिवशी घरातले लेकरू आणि गरोदर बाई शेतात नेऊ नये, अंगणवाडीत पाठवावी. लेकराचे कार्ड पुरुषांनीही वाचायला शिकावे.

३. गावाच्या आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीचा निधी कशावर खर्च होतो ते ग्रामसभेत विचारावे. वार्षिक सभेत आपण ताळेबंद विचारतो, तसेच.

४. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड एकाच पिशवीत घरात तयार ठेवावे. रात्री धावपळीत कागद शोधत बसू नये.

५. तोडणीला आलेल्या टोळीच्या कोप्यांवर आशाताईला आठवणीने न्यावे. त्या बायालेकरांचे गाव दूर असते. आपला ऊस त्यांच्या हाताने कारखान्यात जातो, तेव्हा त्यांच्या लेकराची लस चुकू न देणे हे आपले काम आहे.

शेवटी खालचा मजकूर कापून चुलीजवळच्या भिंतीला चिकटवावा, ही विनंती.

जुलाब झाल्यास: उकळून गार केलेले पाणी १ लिटर. साखर ६ छोटे चमचे, सपाट. मीठ अर्धा छोटा चमचा, सपाट. नीट ढवळावे. जास्त साखर घातली तर जुलाब वाढतात, म्हणून माप चुकवू नये. दर जुलाबानंतर लेकराला चमच्या-चमच्याने पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू सुरू करावे. २४ तासांनंतर उरलेले फेकून नवे करावे. आशाताईकडची पुडी मिळाली तर तीच अधिक चांगली. सोबत झिंकची गोळी सांगितल्याप्रमाणे १४ दिवस द्यावी. अंगावरचे दूध आणि जेवण बंद करू नये. लेकरू सुस्त पडले, पिईनासे झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसले तर क्षणभरही न थांबता दवाखान्यात न्यावे. वाटेतही पाजत राहावे.